खुलताबादच्या वाटेवर: किताब आणि खानदान

आमच्या शहरात परगावचा पाहुणा आला की त्याला मोहल्ल्यांची नावं ऐकून आश्चर्य वाटतं. कर्णपुरा, पदमपुरा, केसरसिंगपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, इतके सिंग आले कुठून? उत्तर सोपं आहे. मोगलांच्या दख्खन मोहिमांत जे राजपूत सरदार इथं आले, त्यांच्या छावण्या जिथं पडल्या तिथं त्यांच्या नावाचे पुरे वसले. कर्णपुरा बिकानेरच्या राव कर्णसिंहांचा, पदमपुरा आणि केसरसिंगपुरा त्यांच्या मुलांचे. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंहांचा. कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला नवरात्रात सगळं शहर लोटतं, त्यात आमच्या शाळेतली सगळ्या जातिधर्मांची मुलं पाळण्यात बसून येतात. पण ही जमीन १९०४ पर्यंत बिकानेर संस्थानाच्या मालकीची होती, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. अडीच-तीनशे कोसांवरच्या वाळवंटातलं एक घराणं आमच्या शहरात दोनशेहून अधिक वर्षं जमीनमालक होतं.

राजपुतांचं ठीक आहे. त्यांची गादी रक्तानं चालायची. बाप गेला की मुलाला टिळा, आणि बादशहा त्यावर मोहोर उठवायचा. खरा गोंधळ होतो तो दरबारी अमीर-उमरावांच्या नावांचा. इतिहासाच्या तासाला मुलं विचारतात, "सर, सलाबत जंग आणि नासिर जंग भाऊ होते, मग 'जंग' हे त्यांचं आडनाव का?" आणि दरवर्षी कुणीतरी उत्तरपत्रिकेत मलिक अंबरला हैदराबादच्या निजामाचा वजीर करून ठेवतो. निजामशाही आणि निजाम यांत जवळपास नव्वद वर्षांचं अंतर आहे आणि दोन्ही घराण्यांचं एकमेकांशी काही नातं नाही, हे फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी पुसलं जातं. म्हणून आम्ही ठरवलं, हे प्रकरण फळ्यावरून रस्त्यावर न्यायचं. घरची मंडळी, शाळेतले दोन सहकारी आणि त्यांची मुलं अशी गाडी भरून एका रविवारी सकाळी आम्ही खुलताबादला निघालो.

पहिला थांबा दौलताबाद. किल्ला चढायचा नव्हता, पायथ्याशी चहा घ्यायचा होता. निजामशाहीची गोष्ट सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण १४९९ मध्ये हा किल्ला अहमदनगरच्या निजामशहांकडे आला आणि १६३३ मध्ये मोगलांनी त्यांच्याकडून घेतला. हे निजामशहा मूळचे कोण? त्यांचा मूळपुरुष मलिक हसन हा बहामनी दरबारातला सरदार. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तो पाथरीच्या, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातल्या, एका ब्राह्मण घरात जन्मला आणि लढाईत पकडला जाऊन बहामनी दरबारात वाढला. पुढं त्याला किताब मिळाला 'निजाम-उल-मुल्क'. राज्याची व्यवस्था लावणारा, असा त्याचा अर्थ. त्याचा मुलगा मलिक अहमद यानं १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभं केलं तेव्हा वडिलांच्या किताबातला 'निजाम' घेतला आणि त्याला 'शाह' जोडलं. म्हणजे ज्या राज्याला आपण निजामशाही म्हणतो, ते मुळात एका नोकराच्या पदवीचं नाव आहे.

दौलताबाद सोडलं की घाट लागतो आणि वर चढल्यावर हवा बदलते. जुनी माणसं खुलताबादला अजून 'रोजा' म्हणतात. रौजा म्हणजे बाग आणि मजारही. खुलताबाद हे नावही एका किताबातून आलं आहे. मोगलांत बादशहाच्या मृत्यूनंतर त्याला वेगळा किताब देण्याची रीत होती, कारण जिवंतपणीचं नाव घेणं बेअदबी समजत. औरंगजेबाला मरणोत्तर 'खुल्द-मकान' म्हटलं गेलं, जन्नतमध्ये ज्याचं घर आहे तो. त्यावरून रोजाचं खुल्दाबाद झालं आणि मराठी जिभेवर खुलताबाद. इथल्या मजारांवर इतके किताब आहेत की नुसते वाचत गेलं तरी दख्खनचा चारशे वर्षांचा इतिहास होतो.

ह. जैनुद्दीन शिराजी (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची कबर आहे. हल्ली तिथं बंदोबस्त असतो. आम्ही सलाम करून रस्ता ओलांडला आणि समोरच्या ह. बुर्‍हानुद्दीन गरीब (रह.) यांच्या दर्ग्यात गेलो. हजरतांचा विसाल १३३७ चा. त्यांच्या नावातला 'गरीब' हाही एका अर्थी किताबच, परदेशी किंवा परका असा त्याचा अर्थ, आणि तो कुठल्या दरबारानं दिलेला नाही. त्यांच्या आवारात, थोडं बाजूला, मीर कमरुद्दीन नावाच्या माणसाची कबर आहे. हे नाव सांगितलं तर कुणी ओळखत नाही. 'निजाम-उल-मुल्क आसफजाह' म्हटलं की ओळखतात. हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष तो हाच.

तिथं सावलीत बसून आम्ही मुलांना एक साधं काम दिलं. या माणसाची सगळी नावं एका कागदावर एकाखाली एक लिहायची.

१६७१ मध्ये जन्म, नाव मीर कमरुद्दीन. तरुणपणी औरंगजेबाकडून 'चिन किलिच खान'. बहादुरशहाकडून 'खान-ए-दौरान'. १७१३ मध्ये फर्रुखसियरकडून 'निजाम-उल-मुल्क बहादुर फतेह जंग'. १७२४ मध्ये बुलढाण्याच्या साखरखेर्डा इथं मुबारिज खानाला हरवून दख्खन ताब्यात घेतलं, आणि पुढच्या वर्षी मुहम्मदशहाकडून 'आसफजाह'. ह. सुलेमान (अलै.) यांचा वजीर आसफ, त्याच्या तोडीचा माणूस असा त्याचा भाव. जून १७४८ मध्ये बुर्‍हाणपुरात मृत्यू आणि त्यानंतर 'मगफिरत-मआब'. चार बादशहांनी एका माणसाला दिलेली नावं, आणि आईबापांनी दिलेलं पाळण्यातलं नाव सगळ्यांच्या खाली. एका मुलानं विचारलं, "मग आधार कार्डावर काय लिहिलं असतं?" आम्ही हसलो, पण प्रश्न बरोबर होता.

कारण मोगल कायद्यात किताब हा त्या माणसाचा असे, घराण्याचा नव्हे. जहागीर पगाराऐवजी मिळे, ती बदलत राही. अमीर वारला की हिशेब होईपर्यंत त्याची मालमत्ता सरकारजमा धरत. किताब मोकळा होई आणि तो पुढं भलत्याच कुणाला मिळू शके. मुलाला काही हवं असेल तर त्यानं चाकरी करून मिळवावं, अशी निदान कागदोपत्री रीत होती. प्रत्यक्षात मोठ्या बापाच्या मुलाला लहान वयातच मनसब मिळायची, हे कमरुद्दीनच्या उदाहरणातही दिसतंच. आजोबा ख्वाजा आबिद समरकंदकडून आले, 'किलिच खान' झाले, १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून गेले. वडील शहाबुद्दीन 'गाजीउद्दीन खान फिरोज जंग' झाले. वडिलांकडून हे घराणं आपला शजरा शेख शहाबुद्दीन सुहरावर्दी (रह.) यांच्यामार्फत ह. अबू बकर सिद्दीक (रजि.) यांच्यापर्यंत नेतं. आईकडून मात्र गोष्ट वेगळी आहे. आईचे वडील सादुल्लाह खान, शाहजहानचे वजीर, पंजाबातल्या चिनिओटच्या साध्या घरातले, केवळ विद्येच्या जोरावर वर आलेले. घराण्याच्या कौतुकात सिद्दीकी शजरा आधी येतो आणि सादुल्लाह खान मागून. शिक्षक म्हणून आम्हाला हा क्रम उलटा आवडला असता.

आसफजाह गेले आणि किताबांची पळापळ सुरू झाली. थोरला मुलगा दिल्लीत होता, त्यानं आजोबांचा 'गाजीउद्दीन फिरोज जंग' घेतला. तो दख्खनचा हक्क मागायला १७५२ मध्ये औरंगाबादेत आला आणि इथंच विषानं मेला. त्याच्या मुलानं दिल्लीत तोच किताब पुढं चालवला आणि १७५९ मध्ये बादशहा दुसरा आलमगीर याचाच खून करवला. एका नावाचे तीन गाजीउद्दीन, एक गोवळकोंडा-विजापूरच्या मोहिमांचा सेनापती, एक हक्क मागायला येऊन विषानं गेलेला, एक बादशहाचा खुनी. नासिर जंग हा दुसरा मुलगा १७५० मध्ये जिंजीजवळ मारला गेला आणि वडिलांच्या जवळ याच आवारात दफन झाला. त्याच्यानंतर भाचा मुजफ्फर जंग, मग भाऊ सलाबत जंग. १७६२ मध्ये आणखी एक भाऊ निजाम अली खान यानं सत्ता घेतली, पुढच्या वर्षी राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली. त्यानं वडिलांचे दोन्ही किताब मिळवले, 'निजाम-उल-मुल्क' आणि 'आसफजाह', म्हणून तो दुसरा आसफजाह. मधले तीन भाऊबंद राज्य करून गेले, पण 'आसफजाह' हा किताब त्यांच्याकडे नसल्यानं क्रमांकात त्यांची गणतीच नाही. त्यानंतर मात्र किताबाला नंबर लागत गेला, तिसरा, चौथा, थेट सातव्या मीर उस्मान अली खानांपर्यंत. चाकरीचा किताब आडनाव झाला. गंमत म्हणजे तरीही हे घराणं कागदावर मोगलांचं सुभेदारच राहिलं. १८५७ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचं नाव असे.

हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलानं माहीत आहे, त्याचं एक मोठं कारण औरंगाबादेतच घडलं. अब्दुर्रज्जाक नावाचा तरुण, घराणं खुरासानच्या ख्वाफचं, दरबारी नाव शाहनवाज खान. १७४१ मध्ये नासिर जंगनं खुद्द वडिलांविरुद्ध बंड केलं आणि शहराबाहेर बापलेकांची लढाई झाली. शाहनवाज खान मुलाच्या बाजूनं होता. बंड फसलं, त्याची नोकरी गेली आणि जवळपास पाच वर्षं तो औरंगाबादेत घरी बसून राहिला. बसून त्यानं जे लिहिलं ते म्हणजे 'मआसिर-उल-उमरा', अकबरापासून आपल्या काळापर्यंतच्या शेकडो मोगल अमिरांची चरित्रं. हिंदू-मुस्लिम, तुराणी-इराणी, राजपूत-मराठा सगळे त्यात आहेत. पुढं तो पुन्हा वर चढला, सलाबत जंगचा दिवाण झाला, 'समसाम-उद्-दौला' झाला, आणि मे १७५८ मध्ये औरंगाबादेतल्या फ्रेंचांच्या आणि दरबाराच्या गोंधळात मारला गेला. घर लुटलं गेलं. हस्तलिखितही लुटीत गेलं.

ते परत शोधून काढलं त्याच्या मित्रानं, मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी. आझाद पाणचक्कीच्या तकियात वर्षानुवर्षं राहिलेले मोठे विद्वान, दरबाराची नोकरी टाळणारे. शाहनवाज खानाचा मुलगा अब्दुल हय याला नंतर बापाचा किताब मिळाला, आणि बापाचं पुस्तकही त्यानंच १७८० मध्ये पुरं केलं. या दोन वारशांपैकी कुठला टिकला हे सांगायला नको. आझाद बिलग्रामींची कबर खुलताबादेतच अमीर हसन सिज्जी यांच्या जवळ आहे. आम्ही तिथं फातिहा पढलो. आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

परतताना आम्ही मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी थांबलो. एबिसिनियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा माणूस, त्याचा शजरा मागायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. १६१० मध्ये खडकी त्यानं वसवली, तेच आमचं शहर. नहर त्याची, भडकल दरवाजा त्याचा.

याच्या नेमकं उलट रीत कशी असते हे बघायचं तर आपल्याच मराठवाड्यात आणखी एक जागा आहे. सिल्लोडच्या पुढं, भोकरदन तालुक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. त्याआधी महिनाभर वेलस्ली औरंगाबादवरूनच पुढं गेला होता. त्याच्या बाजूला घागरे घातलेले स्कॉटिश शिपाई होते, त्यातली ७८ वी पलटण मॅकेन्झी नावाच्या कुळाच्या प्रमुखानं १७९३ मध्ये उभी केलेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कुळ म्हणजे एक आडनाव, एक प्रमुख, एक मुलूख. 'मॅक' म्हणजे मुलगा, आपल्याकडच्या 'बिन'सारखा. प्रमुखपद रक्तानं चालतं, आणि त्यावर भांडण झालं तर एडिंबरामध्ये लॉर्ड लायन नावाचा अधिकारी शजरे तपासून निकाल देतो. आजही देतो. या मॅकेन्झी प्रमुखाला सरकारनं लॉर्ड सीफोर्थ केलं. त्याचे चारही मुलगे त्याच्या आधी वारले. १८१५ मध्ये तो गेला आणि लॉर्डपद तिथंच संपलं, कारण ते फक्त मुलग्यालाच जाऊ शकत होतं. मुलगी होती, मेरी. तिचा नवरा आरमाराचा बडा अधिकारी, तो मद्रासेत वारला, ती विधवा होऊन परतली. जमीन तिला मिळाली, किताब नाही. आमच्या सोबतच्या सहकारी बाई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे जे खर्चाचं ते मुलीला, जे मानाचं ते कुणालाच नाही." आपल्याकडे वारसाचे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहेत आणि मुलीचा त्यात हक्क आहे. पण मान वाटायचा प्रश्न आला की आपल्या घरांतही मुलींची नावं शजऱ्यावर सहसा नसतात, हेही बाईंनी लगेच ऐकवलं.

स्कॉटिश वंशाचाच एक माणूस हैदराबादला ब्रिटिश रेसिडेंट होता, जेम्स कर्कपॅट्रिक. त्याला निजामानं 'हशमत जंग' केलं. त्याच्या मुलांना मात्र हशमत जंग कुणी म्हटलं नाही. ती इंग्लंडला गेली, विल्यम आणि कॅथरिन झाली.

हैदराबादच्या दरबारात किताबांची शिडीच होती. खान, खान बहादुर, मग जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह. मोठे दिवाण मीर तुराब अली खान यांना 'सालार जंग', 'शुजा-उद्-दौला', 'मुख्तार-उल-मुल्क' सगळं मिळालं, पण लोकांनी लक्षात ठेवली ती शिडीची खालची पायरी, सालार जंग. मराठा सरदारांनाही किताब होते. करमाळ्याच्या निंबाळकरांचा 'रावरंभा' पिढ्यान्‌पिढ्या चालला. हे सगळं १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्यावर पोकळ झालं, आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची मान्यताही गेली. आठवे आसफजाह म्हणवले गेलेले मुकर्रम जाह मधली बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रानावर राहिले, २०२३ मध्ये इस्तंबूलला वारले आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत दफन झाले.

हे राजेलोकांचं झालं. आपल्या घरांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मराठवाड्यात मुस्लिम घरांची आडनावं बघा. इनामदार, जहागीरदार, देशमुख, पटेल, काझी, खतीब, मुजावर. ही सगळी कामांची नावं. आणि या घरांत पेटीच्या तळाशी बहुधा एक कागद असतो, मुंतखब, निजाम सरकारच्या इनाम चौकशीचा उतारा. तो उर्दूत असतो, मध्ये फारसी. घरातली मुलं मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. म्हणून उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मास्तराकडे लोक येतात.

खुलताबाद तालुक्यातल्या एका घरातून परवाच असे एक बुजुर्ग आणि त्यांचा नातू आले. आठ एकर जमीन, रस्त्याला लागून, भाव चांगला आलेला. नातवाला खात्री होती की पणजोबांना नवाबानं जहागीर दिली होती. घरात तशीच गोष्ट चालत आली होती, लग्नपत्रिकेवर 'जहागीरदार' छापलेलं होतं. विकायची बोलणी झाली होती, फक्त कागद वाचून हवा होता. आम्ही दोन वेळा वाचला. मोहोर खरी, सही खरी, नाव बरोबर. पण त्यावर जहागीर नव्हती, मदतमाशही नव्हती. खिदमतमाश होती. गावच्या मशिदीत पाच वक्त अजान, झाडलोट, दिवाबत्ती आणि चटया, या खिदमतीवर सशर्त. घराण्याला नव्हे, खिदमत करणाऱ्याला.

नातू गप्प झाला. मग म्हणाला, "सर, दुसरा काही अर्थ निघतो का?" आम्ही नाही म्हणालो. मशिदीच्या सेवेची जमीन अशी विकता येत नाही, हेही सांगितलं, आणि वकिलाकडून खात्री करून घ्यायला सांगितलं. बुजुर्ग मात्र कागदाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "माझे अब्बा रोज फजरला जायचे. ते याच्यामुळं?" आम्ही म्हटलं, असेल. मग ते म्हणाले, मराठीत लिहून द्या, ओळीला ओळ, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं. आम्ही लिहायला घेतलं. 'खिदमत' या शब्दापाशी नातवानं विचारलं, इथं काय लिहिणार? आम्ही 'सेवा' लिहिलं, आणि पुढच्या ओळीत पणजोबांचं नाव, पुढं कुठलाही किताब न लावता, जसं कागदावर होतं तसं.